भोपळ्याविना वाजलेली पुंगी

लग्नाची वरात पुण्या-मुंबईतली असो, विदर्भातली असो की आमच्या पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरची. तिच्यात एक प्रसंग ठरलेला असतो. बँडवाले एक विशिष्ट धून काढतात. ती कानावर पडताच एखादा काका खिशातला रुमाल काढतो, त्याचे एक टोक दातांत धरतो, दुसरे हाताने ताणतो आणि गारुडी होतो. दुसरा कोणी डोक्यावर दोन्ही हातांचा फणा उभारून त्याच्यासमोर डोलू लागतो आणि पाहता पाहता, नव्या कपड्यांची पर्वा न करता, रस्त्यावर लोळण घेतो. ज्या चित्रपटातली ही धून, तो ‘नागिन’ १९५४ साली आला. आज लोळण घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. चित्रपट पाहिलेले तर त्यांच्यात अगदीच थोडे. पण पुंगी म्हटली की कानात वाजते ती हीच.

गंमत अशी की, ती पुंगी नव्हतीच. तिच्यात भोपळा नव्हता, बोरूच्या नळ्या नव्हत्या, मेण नव्हते आणि फुंकणाऱ्याचा श्वासही नव्हता. तो आवाज विजेवर चालणाऱ्या एका पेटीतून काढलेला होता आणि तो काढणारा होता गिरगावातल्या एका कच्छी किराणा दुकानदाराचा सव्वीस वर्षांचा मुलगा. त्याचे नाव कल्याणजी वीरजी शहा.

कल्याणजी-आनंदजी या जोडनावाने पुढे जे काही केले, ते साऱ्या देशाला पाठ आहे. कल्याणजींना जाऊन पाव शतक उलटले, तरी त्यांची गाणी रेडिओवरून हटलेली नाहीत. पण मला कुतूहल आहे ते जोडनाव जुळण्याआधीच्या कल्याणजींचे. सिंथेसायझर हा शब्दही आपल्याकडे कोणाच्या तोंडी नव्हता, त्या काळात या माणसाने यंत्राच्या पोटातून एक नवा आवाज घडवला. तो आवाज साऱ्यांचा झाला आणि घडवणारा मात्र मागे राहिला. माझी सारी नोकरी बँकेत गेली. जमा कोणाच्या खात्यावर पडली, हे पाहिल्याशिवाय आम्हा मंडळींना चैन पडत नाही.

कल्याणजींचा जन्म ३० जून १९२८ रोजी कच्छमधल्या कुंदरोडी गावी झाला. वडील वीरजी शहा यांनी मुंबई गाठली आणि गिरगावात किराणा मालाचे दुकान थाटले. त्या दुकानाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एका गिऱ्हाइकाची उधारी तुंबली होती. पैसे देण्याची त्याची ऐपत नव्हती. तेव्हा बिलाच्या बदल्यात त्याने शेठजींच्या मुलांना संगीत शिकवावे, असे ठरले. माझी नोकरीतली काही वर्षे गिरगावातल्या एका शाखेत गेली. चाळकऱ्यांची महिन्याची खाती लाल कापडी चोपडीत मांडणारे दुकानदार तेव्हाही होते आणि बुडीत खात्यांची दुखणी मीही पुष्कळ पाहिली. पण बुडीत खात्याची इतकी उत्तम वसुली कुठल्या बँकेला साधल्याचे माझ्या ऐकिवात नाही. चार-दोन शेर तूरडाळ आणि गूळ यांच्या मोबदल्यात हिंदी चित्रपटसंगीताला दोन संगीतकार मिळाले.

गिरगावही तेव्हाचे गिरगाव होते. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव, त्यातले मेळे, ऑपेरा हाऊसजवळचे देवधर मास्तरांचे संगीत विद्यालय, इराण्याच्या हॉटेलातला ग्रामोफोन, पलीकडे गुजराती नाटकमंडळ्या. भिंतीला भिंत लावून इतकी संगीते नांदत असलेली वस्ती देशात दुसरी क्वचितच असेल. दुकानाच्या फळीवर बसलेल्या पोराच्या कानावर हे सारे फुकटात पडत होते. वजनकाट्याइतकाच कानही तयार होत होता. मोठेपणी कल्याणजींनी ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ या नावाने वाद्यवृंद उभा केला आणि मुंबईत व बाहेरगावी कार्यक्रम सुरू केले. वाद्यवृंद चालवणाऱ्याला रोज एकाच प्रश्नाशी झुंजावे लागते. माणसे मोजकी आणि लोकांना हवे असलेले आवाज अनेक. एका वादकाकडून चार वाद्यांचे काम कसे काढायचे, हा त्याचा हिशेब असतो. मला वाटते, पुढच्या साऱ्या प्रयोगांचे मूळ या हिशेबातच आहे.

याच सुमारास क्लेव्हायोलिन नावाचे वाद्य त्यांच्या हाती आले. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच इंजिनियराने ते १९४७ च्या सुमारास तयार केले होते. लहानशी तीन सप्तकांची स्वरपट्टी, जिच्यात छत्तीसच पट्ट्या; आणि वेगळ्या खोक्यात ध्वनिवर्धक व स्पीकर. नेहमीच्या पियानोला ते बाजूने जोडता येई. म्हणजे पियानोवादकाने डाव्या हाताने पियानो वाजवावा आणि उजव्या हाताने या यंत्रातून व्हायोलिन, सनई, बासरी यांचा भास निर्माण करावा, अशी कल्पना. एका वेळी एकच सूर वाजे. आवाज लहानमोठा करण्यासाठी गुडघ्याने ढकलायचा एक दांडा असे. युरोप-अमेरिकेत हॉटेलांतल्या वाद्यवृंदांसाठी ते खपत होते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ते वाजवणाऱ्या अगदी पहिल्या वादकांत कल्याणजी होते.

या यंत्राचे काम कसे चालते, ते थोडक्यात सांगायला हवे, कारण कल्याणजींची करामत त्यातच आहे. जुन्या रेडिओत असत तसे व्हॉल्व्ह या पेटीत होते. ते विजेची कंपने निर्माण करीत. कंपने जलद झाली की सूर चढे, संथ झाली की उतरे. हा मूळचा आवाज कर्कश, भरड असतो. त्यात मुख्य सुराबरोबर वरचे अनेक उपसूर गर्दी करून असतात. स्वरपट्टीखाली खटक्यांची एक रांग असे. त्यातला एखादा खटका दाबला की काही उपसूर अडत, काही पुढे जात. दुसरा दाबला की वेगळे. धान्य चाळण्यासारखाच हा प्रकार. बारीक भोकांची चाळणी घेतली तर एक माल खाली येतो, मोठ्या भोकांची घेतली तर दुसरा. आणखी काही खटके सुराला कमीअधिक थरथर देत. पुढे जे सिंथेसायझर आले, त्यांचेही मुख्य तत्त्व हेच राहिले. आधी भरड आवाज निर्माण करायचा, मग चाळून हवा तो ठेवायचा. फरक एवढाच की, खटक्यांची जागा फिरवायच्या बटणांनी घेतली आणि बटणांची संख्या वाढत गेली.

‘फिल्मिस्तान’चा ‘नागिन’ नंदलाल जसवंतलाल यांनी दिग्दर्शित केला. वैजयंतीमाला आणि प्रदीपकुमार त्याचे नायक-नायिका. संगीत हेमंतकुमारांचे. कलकत्त्याहून येऊन ‘आनंदमठ’ने १९५२ साली त्यांनी हिंदीत पाऊल टाकले होते. नव्या चित्रपटात कथेचा प्राणच पुंगीत होता. नायक पुंगी वाजवतो आणि नायिका भान विसरून त्या आवाजामागे येते. आता रस्त्यावरच्या गारुड्याची पुंगी लताबाईंच्या गाण्याशेजारी बसवायची म्हणजे पंचाईत. पुंगीची पट्टी ठरलेली, भोके मोजकी, आवाज उग्र. ती गाण्याच्या पट्टीला जुळवून घेत नाही आणि वाद्यवृंदाला दाद देत नाही. हेमंतकुमारांचे सहायक होते रवी, जे पुढे स्वतः मोठे संगीतकार झाले. पुंगीचा आवाज उभा राहिला तो कल्याणजींच्या क्लेव्हायोलिनमधून आणि रवींच्या हार्मोनियममधून.

हे वाचायला सोपे वाटते. पेटी आणली, खटका दाबला, पुंगी वाजली. पण क्लेव्हायोलिनच्या फ्रेंच खटक्यांत पुंगीचा खटका कुठून असणार? तो आवाज शोधावाच लागणार आणि शोधण्यापूर्वी पुंगी म्हणजे नक्की काय, हे कानाला ठाऊक असावे लागणार.

या मुद्द्याचा उलगडा मला झाला तो आमच्या भागातल्या एका वाद्यामुळे. निवृत्तीनंतर मी दातिवऱ्यात, वैतरणेच्या मुखाशी असलेल्या आमच्या गावी राहू लागलो. आमचा किनारा मांगेले, वाडवळ, भंडाऱ्यांचा. पण सफाळ्याच्या पूर्वेला डोंगराकडे निघाले की वारल्यांचे पाडे लागतात. तिथे तारपा वाजतो. भाताच्या कापणीच्या सुमारास तारपेवाला मध्ये उभा राहतो आणि त्याच्याभोवती साखळी धरून बायामाणसे रात्र रात्र नाचतात. तारपा म्हणजे पुंगीचा थोरला भाऊच. वाळवलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा. एका पाड्यावर एका जाणत्या वादकाला मी तारपा जुळवताना पाहिले. तो नळी काढी, जिभलीवर मेणाचा कण लावी, फुंकून बघे, मान हलवी, पुन्हा काढी. अर्धा तास हेच चालले होते. त्याला हवा असलेला आवाज आधी त्याच्या कानात होता; भोपळ्यात तो नंतर उतरला.

तारपा ऐकताना तीन गोष्टी लक्षात येतात आणि त्या पुंगीलाही तशाच लागू आहेत. पहिली म्हणजे, आवाज कधी तुटत नाही. वादक गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे दोन सुरांमध्ये विश्रांती नसते. एक सूर दुसऱ्यात ओततो. दुसरी, आवाज नाकातून आल्यासारखा अनुनासिक असतो. तिसरी, मुख्य सुराखाली दुसरा एक सूर सतत गुणगुणत असतो. आता ‘नागिन’ची धून पुन्हा ऐकावी. क्लेव्हायोलिनला श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून सूर अखंड वाहतो. खटक्यांच्या निवडीतून अनुनासिकपणा आला आहे. एकसुरी यंत्राला जी भरीव साथ हवी, ती हार्मोनियम देते. उरला प्रश्न सुरांच्या वळणांचा. पट्टीच्या वाद्यावर मींड काढता येत नाही. कल्याणजींनी तिथे बोटांच्या झपाट्याने कण आणि मुरक्या अशा पेरल्या आहेत की, सूर घसरत गेल्याचा भास व्हावा. गुडघ्याच्या दांड्याने आवाज फुगवता-उतरवता येतो, तो डोलण्याचा भाग. माझ्या अडाणी कानांना कळले ते इतकेच. पण एवढ्यावरूनही दिसते की, हा नुसता नकलेचा प्रकार नाही. पुंगीतले काय घ्यायचे आणि काय टाकायचे, याचा त्यात पक्का विचार आहे.

आणखी एक मौज. हार्मोनियमसुद्धा मूळचे फ्रेंच. अलेक्झांडर दबां यांनी १८४२ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. म्हणजे ज्या आवाजाला आपण अस्सल देशी पुंगी मानून सत्तर वर्षे डोलत आहोत, तो दोन फ्रेंच पेट्यांच्या संगनमतातून जन्मला. आणि ‘नागिन’ आला, तेव्हा आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. १९४० साली घातलेली ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. कारण काय, तर हे वाद्य परके आणि आपल्या श्रुतींना पारखे. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात चित्रपटगीतांनाही आकाशवाणीची दारे जवळजवळ बंद होती. लोक रेडिओ सिलोन लावून ही गाणी ऐकत. काय देशी आणि काय परके, याचा निवाडा सरकारने एक केला आणि रस्त्यावरच्या माणसाने दुसरा. टिकला तो दुसरा.

‘नागिन’ तुफान चालला. चित्रपटगृहांत पुंगी वाजू लागताच खरे नाग निघाल्याच्या दंतकथा गावोगाव पसरल्या. वास्तविक नागाला बाहेरचा कान नाही. तो गारुड्याच्या हातातल्या पुंगीची हालचाल पाहून डोलतो. पण लोकांना त्याच्याशी काय कर्तव्य! हेमंतकुमारांना त्या संगीताबद्दल फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि ते योग्यच होते. चाली त्यांच्या होत्या. पण त्या काळी तबकडीवर गायकाचे, संगीतकाराचे, चित्रपटाचे नाव असे. वाद्य कोणी वाजवले, हे छापण्याची रीत नव्हती. लोकांनी पुंगी ऐकली आणि ती पुंगीच्याच नावावर जमा केली. नक्कल इतकी साधली की, नक्कल करणाराच अदृश्य झाला. मुंबईच्या स्टुडिओंत गोमंतकीय, पारशी, मराठी, बंगाली असे शेकडो वादक याच न्यायाने आयुष्यभर वाजवत राहिले. त्यांचे आवाज घराघरांत, नावे कुठेच नाहीत.

कल्याणजींनी याची तक्रार करीत बसण्यापेक्षा स्वतःचे खाते उघडले. १९५८ साली ‘सम्राट चंद्रगुप्त’पासून ते संगीतकार झाले. पुढच्या वर्षीच ‘सट्टा बाजार’ आणि ‘मदारी’पासून धाकटे बंधू आनंदजी यांचे नाव शेजारी आले. मग ‘छलिया’, ‘जब जब फूल खिले’, ‘हिमालय की गोद में’, ‘उपकार’ अशी रांगच लागली. लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल हे पुढचे दिग्गज प्रारंभी त्यांच्याकडे सहायक होते. सुमारे अडीचशे चित्रपट या भावांच्या नावावर आहेत.

यात मला विशेष वाटते ते असे की, ज्या युक्तीने नाव झाले, त्या युक्तीचे ते गुलाम झाले नाहीत. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो १९६८ च्या ‘सरस्वतीचंद्र’ला, ज्याचे संगीत साधे, सुरेल आणि घरगुती वळणाचे आहे. फिल्मफेअर मिळाले ‘कोरा कागज’ला. आणि त्याच माणसांनी १९७८ च्या ‘डॉन’मध्ये विजेच्या गिटारींचा आणि पितळी वाद्यांचा कल्लोळ उठवला. गोष्ट जे मागेल, ते दुकानातून काढून द्यायचे. गिऱ्हाइकाला गूळ हवा असताना हिंग पुढे करायचा नाही, हे वीरजी शेठच्या मुलांना शिकवावे लागले नसणार.

मधल्या काळात जगभर क्लेव्हायोलिनचे नशीब चमकून गेले. इंग्लंडच्या ‘टॉर्नेडोज’ने १९६२ साली ‘टेलस्टार’ या उपग्रहाच्या नावाने धून केली, तिच्यात त्याच जातीचा आवाज आहे. बीटल्सनीही १९६७ साली ते वाद्य एका गाण्यात वापरले. रॉबर्ट मूग या अमेरिकन इंजिनियराचा सिंथेसायझर १९६४ साली आला आणि क्लेव्हायोलिन मागे पडले. मुंबईत केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मूगला चित्रपटसंगीतात आणले. कल्याणजींच्या घरात हा वारसा मुलाकडे गेला. विजू शहा सिंथेसायझरवरच वाढले. १९८९ च्या ‘त्रिदेव’च्या संगीतात त्यांचा मोठा हात होता आणि पुढे ‘मोहरा’ व ‘गुप्त’मध्ये त्यांनी यंत्रातून काढलेले आवाज तरुण पिढीने डोक्यावर घेतले. वडिलांजवळ खटक्यांची एक रांग होती. मुलाजवळ खोलीभर यंत्रे. काम तेच. कानात असलेला आवाज यंत्राकडून वसूल करायचा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. यंत्राच्या पुंगीने खरी पुंगी मारली, असा तो आक्षेप. गारुडी आता दिसत नाही. त्याला मुख्य कारण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. नाग पकडून खेळ करणे त्याने बंद झाले आणि नागांच्या दृष्टीने ते उत्तम झाले. पण वाद्य जगले असते तर? आमच्याकडे तारपा करणारे, वाजवणारे हात वर्षागणिक कमी होत आहेत. हळदीच्या रात्री पाड्यावरही आता बेंजो पार्टी आणि डीजे येतो. आमच्या भागातल्या एका बँडमधल्या कीबोर्डवाल्या मुलाशी मी एकदा बोललो. पुंगीचा आवाज त्याने यंत्रात साठवून ठेवला होता आणि तो हुबेहूब होता. पण हुबेहूब कशाशी, तर ‘नागिन’शी. खरी पुंगी त्याने कधी ऐकलेली नव्हती. पंचवीस किलोमीटरवरचा तारपाही नव्हता.

या मुलात आणि कल्याणजींत जो फरक आहे, तो मला यंत्राचा वाटत नाही. मुलाचे यंत्र क्लेव्हायोलिनच्या शंभरपट सामर्थ्याचे आहे. फरक क्रमाचा आहे. एकाने आधी ऐकले आणि मग यंत्राकडे वळला; दुसऱ्याला यंत्रानेच ऐकवले. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, असे आपण म्हणतो. तयार आवाजांचा हाच व्यवहार असतो. एक नाही जमला तर दुसरे बटण. कल्याणजींना मोडून खाण्याची सोय नव्हती. तेव्हा मूळ वाद्याला धोका यंत्राकडून नाही, ऐकण्याचा कंटाळा करणाऱ्या कानाकडून आहे. उद्या आमच्या पाड्यावरच्या एखाद्या वारली मुलाने भोपळ्याचा तारपा नीट ऐकून तो सिंथेसायझरमध्ये उतरवला, तर मी त्याला तारप्याचा शत्रू म्हणणार नाही. तो कल्याणजींच्या घराण्यातला ठरेल. मात्र त्याच्यासाठी तारपेवाला जिवंत आणि वाजता राहिला पाहिजे, ही त्यातली अट आहे.

उत्तरायुष्यात कल्याणजींनी लहान मुलांच्या गळ्यांकडे लक्ष दिले. ‘लिटल वंडर्स’ या त्यांच्या चमूतून सुनिधी चौहान पुढे आली. दाभोळच्या साधना सरगमला त्यांनीच ‘विधाता’मध्ये गायला लावले. १९९२ साली या भावांना पद्मश्री मिळाली. कल्याणजी स्वभावाने मिश्कील होते; त्यांच्या विनोदांच्या गोष्टी संगीतवर्तुळात आजही फिरतात. २४ ऑगस्ट २००० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पाच वर्षांनी अमेरिकेतल्या ‘ब्लॅक आईड पीज’ या चमूने एक गाणे काढले. त्यात ‘डॉन’मधले हेलनच्या नाचाचे गाणे आणि १९७२ च्या ‘अपराध’मधले एक गाणे गुंफलेले होते. त्या गाण्याला ग्रॅमी मिळाले. गीतकार-संगीतकारांच्या यादीत अमेरिकन नावांबरोबर कल्याणजी, आनंदजी आणि इंदीवर ही नावे रीतसर छापली गेली. तिकडचे कायदे कडक आहेत. उसन्या घेतलेल्या सुराची नोंद करावीच लागते. अशा प्रकारे एक खाते बरोबर जुळले, जरी खातेदार हयात नव्हता.

‘नागिन’ची धून मात्र आजही लोक पुंगीच्याच नावावर जमा करतात. ती एका माणसाच्या कानातून, बोटांतून आणि गुडघ्यातून निघाली होती, एवढी दुरुस्तीची नोंद कोणीतरी करायला हवी होती. ती इथे केली आहे.